खाडीमागून खाडी : स्वतःच्या गाडीविना कोकण किनारा

मुंबई ते रत्नागिरी हा किनारा नकाशावर नीट पाहिला, तर तो सलग नाही हे लगेच ध्यानात येतं. आधी धरमतरची खाडी, मग रेवदंड्याला कुंडलिका, पुढे राजपुरीची खाडी, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी आणि जयगडला शास्त्री. सह्याद्रीवरून उतरलेल्या नद्या समुद्राजवळ येताना रुंद होतात आणि किनाऱ्याचा रस्ता बहुतेक ठिकाणी तिथेच थांबतो. मुंबई-गोवा महामार्ग बराच आतून, पेण, महाड, चिपळूण असा जातो. त्यामुळे गाडी घेऊन कोकणात जाणारे बहुतेक जण महामार्गावरच्या एखाद्या फाट्याने समुद्राकडे उतरतात, एक-दोन गावं पाहतात आणि त्याच फाट्याने परत वर येतात.

किनाऱ्या-किनाऱ्याने खाली जायची जुनी वाट पाण्याची. मुंबईहून सुटलेल्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरं घेत रत्नागिरीला जात. त्या कधीच बंद झाल्या, पण खाड्या ओलांडणाऱ्या होड्या आणि फेरीबोटी आहेत, आणि दोन खाड्यांच्या मधल्या पट्ट्यात एसटी आहे. ताई आणि मी ठाण्याला राहतो. आमच्या दोघींच्याही घरी मोटार नाही, आणि ती न घेण्याचा निर्णय आम्ही विचार करून घेतला आहे. "मग लांब कुठे जायचं असेल तर काय करता?" असं लोक काळजीने विचारतात. हा किनारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोकल, लाँच, एसटी, फेरीबोट, रिक्षा आणि शेवटी रेल्वे अशा सार्वजनिक वाहनांनी करायचा, असं आम्ही दिवाळीनंतर ठरवलं ते त्याच प्रश्नाला उत्तर म्हणून. पावसाळा संपून समुद्र शांत झालेला असतो आणि लाँच सुरू झालेल्या असतात, म्हणून हा हंगाम.

सकाळच्या लोकलने मुंबई आणि तिथून गेटवे ऑफ इंडिया. मांडव्याची लाँच तासाभरात पलीकडे पोचवते. रस्त्याने पेण-वडखळवरून अलिबागला जायचं तर जवळजवळ शंभर किलोमीटर पडतात आणि सुट्टीच्या दिवशी वडखळजवळ किती वेळ जाईल याचा नेम नसतो. मांडव्याला उतरल्यावर जे घडतं, ते मला या सगळ्या प्रवासातलं सर्वांत महत्त्वाचं वाटलं. काही लाँच कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग या बसचं भाडं धरलेलं असतं. लाँच लागते, माणसं धक्क्यावरून चालत बाहेर येतात आणि बस उभी असते. लाँचला उशीर झाला तर बसही थांबते. वेगळं तिकीट नाही, चौकशी नाही, घासाघीस नाही. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जहाजही सुरू झालं आहे. त्यात मोटारी चढवता येतात, आणि नुसत्या हातात पिशवी घेऊन येणाऱ्यालाही जाता येतं. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात तेव्हा हे मोठं जहाज कामाला येतं.

मोटारीला पर्याय म्हणून आपण नेहमी एखादं वाहन शोधतो, म्हणजे बस किंवा रेल्वे. पण मोटार दारापासून दारापर्यंत नेते, आणि तेवढं काम एकटी बस किंवा एकटी रेल्वे करू शकत नाही. ते काम एकमेकांना जोडलेल्या अनेक वाहनांनी मिळून करायचं असतं. म्हणून एक वाहन सोडून दुसरं धरण्याची जागा नीट असली, की मोटारीची आठवणही येत नाही. मांडव्याला ती जागा नीट आहे.

अलिबागच्या एसटी स्टँडवरून मुरूडची गाडी चौल-रेवदंड्यावरून जाते. नारळ-पोफळीच्या वाड्यांमधला हा रस्ता इतका अरुंद आहे की समोरून ट्रक आला, तर दोन्ही ड्रायव्हर हातवारे करून आधी कोणी जायचं ते ठरवतात. रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल आहे, त्यामुळे ही खाडी गाडीत बसूनच ओलांडता येते. पलीकडे साळाव, मग कोर्लई. डोंगरावरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या कोर्लईत आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली एक वेगळी बोली बोलली जाते. पुढे काशीद, नांदगाव आणि मुरूड. एसटीची बैठक उंच असते, त्यामुळे वाड्यांच्या कुंपणापलीकडचा समुद्र दिसत राहतो.

तिकीट काढताना आम्हा दोघींना अर्धंच भाडं पडलं. मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना निम्म्या दरात प्रवास करता येतो. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास सुरू झाला होता. चौलला चढलेल्या एका आजींनी रुमालात गुंडाळलेलं कार्ड काढून दाखवलं. कंडक्टरने शून्य रुपयाचं तिकीट फाडून त्यांच्या हातात दिलं. नांदगावला लेकीकडे निघाल्या होत्या. "आधी वर्षातून एकदा जायचे, आता मन झालं की जाते," म्हणाल्या. जावयाच्या गाडीची वाट पाहावी लागत नाही, याचा त्यांना मोठा आनंद होता. गाडी घरात असली तरी ती चालवणारा माणूस मोकळा असेल तेव्हाच बाईला, म्हाताऱ्याला, शाळकरी मुलाला बाहेर पडता येतं. एसटी कोणाच्या सवडीवर अवलंबून नसते.

१ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. 'गाव तिथे एसटी' हे ब्रीद पुढे खरोखर रस्त्यावर उतरलं, आणि कोकणातल्या वाडी-वस्तीच्या माणसाला त्याची किंमत सगळ्यांत जास्त कळते. गौरी-गणपतीच्या दिवसांत मुंबई-ठाण्याहून हजारो जादा गाड्या कोकणात सुटतात. त्यातल्या कितीतरी गाड्या एकेका वाडीच्या चाकरमान्यांनी मिळून आरक्षित केलेल्या असतात. चाळीसेक माणसं, सामान, मखराचं साहित्य, सगळं एका गाडीत चढतं आणि गाडी थेट गावाच्या वेशीपर्यंत जाते. तेवढ्या माणसांना मोटारींनी न्यायचं तर महामार्गावर दहा-बारा मोटारी वाढल्या असत्या.

मुरूडला गेल्यावर राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिरा पाहणं आलंच. शिवाजी महाराज, संभाजी महाराज आणि पुढे पेशव्यांनीही प्रयत्न केले, तरी सिद्दींचा हा जलदुर्ग कोणालाही लढून घेता आला नाही. होडी अजूनही वाऱ्यावर चालते. शीड कधी सोडायचं आणि कधी ओढायचं हे होडीवाले वाऱ्याकडे बघून ठरवतात, आणि सगळी उतारू मंडळी त्यांच्याबरोबर वाऱ्याची वाट बघतात.

मुरूडजवळच्या आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट जाते. इकडे तिला जंगलजेटीही म्हणतात. सपाट लोखंडी तळ, पुढे खाली पडणारी फळी, त्यावरून मोटारी, टेम्पो, मोटारसायकली आत येतात आणि कडेने माणसं उभी राहतात. सुट्टीच्या दिवशी इथे मोटारींची लांब रांग लागते. एका बोटीत ठराविकच मोटारी मावतात, बाकीच्यांना पुढच्या फेरीसाठी थांबावं लागतं. पायी आलेल्या माणसाला रांग नाही. तो सरळ जाऊन चढतो, आणि त्याचं तिकीटही मोटारीच्या मानाने अगदी थोडं असतं. समुद्र ओलांडताना मोटार हेच ओझं ठरतं, हे मला या धक्क्यावर पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. दिघीचा धक्का रस्त्याने गाठायचा तर आत म्हसळ्यापर्यंत मोठा वळसा पडतो.

या किनाऱ्यावरच्या सगळ्याच धक्क्यांवर मांडव्यासारखी सोय नाही. एका धक्क्यावर बोट लागली तेव्हा एसटी नुकतीच निघून गेली होती, आणि पुढची कधी याची पाटी कुठेच नव्हती. टपरीवाल्या दादांनी सांगितलं, "सव्वातासाने येईल, नाहीतर शेअर रिक्षा भरेपर्यंत बसा." आम्ही रिक्षा भरेपर्यंत बसलो. रिक्षात एक शिक्षिका, औषधं घेऊन निघालेले एक गृहस्थ आणि आम्ही दोघी होतो. शिक्षिका रोज खाडी ओलांडून शाळेत जातात. "बोट आणि एसटी, दोन्ही वेळेवर असतात. पण दोघांची वेळ एकमेकांना माहीत नसते," असं त्या म्हणाल्या. किनाऱ्यावरच्या वाहतुकीचं दुखणं इतक्या नेमकेपणाने सांगताना मी दुसऱ्या कोणाला ऐकलं नाही.

दिघीहून बोर्लीपंचतन, दिवेआगर आणि श्रीवर्धन. श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथ भट यांचं मूळ गाव, आणि इथली रोठा सुपारी प्रसिद्ध. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात जमिनीवर आलं आणि पोफळीच्या बागा अक्षरशः आडव्या झाल्या. पोफळीला फळ धरायला बरीच वर्षं लागतात. नव्याने लावलेल्या बागा आता उभ्या आहेत, वाड्यांमध्ये लहानमोठ्या झाडांच्या रांगा दिसतात. गावात फिरायला पाय पुरतात. स्टँडपासून समुद्रापर्यंतचा रस्ता वाड्यांमधूनच जातो.

श्रीवर्धनहून हरिहरेश्वर आणि तिथून जवळच बागमांडला. इथून सावित्री ओलांडून फेरीबोट वेश्वीला जाते, म्हणजे रायगड जिल्हा सोडून रत्नागिरी जिल्ह्यात. उतरल्यावर वर बाणकोटचा किल्ला आणि पलीकडे वेळास. वेळास हे नाना फडणवीसांचं गाव, आणि आता ऑलिव्ह रिडले कासवांसाठी ओळखलं जातं. गावकऱ्यांनी समुद्रावरची घरटी राखली आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला माणसं येऊ लागली. उतरायला गावातली घरंच. आम्ही गेलो तो हंगाम कासवांचा नव्हता, पण रात्री मुक्कामाला असलेल्या घरी दुसऱ्याच एका पाहुण्याची गोष्ट कळली, ती म्हणजे वस्तीची गाडी.

संध्याकाळी तालुक्याहून सुटलेली शेवटची एसटी गावात येते आणि रात्रभर तिथेच थांबते. ड्रायव्हर आणि कंडक्टर गावातच झोपतात. पहाटे हीच गाडी गावाची पहिली गाडी होते. तिच्यात कॉलेजची मुलं, दवाखान्याला निघालेले, कोर्टाची तारीख असलेले, बाजाराला भाजी नेणाऱ्या बायका असे सगळे असतात. कोकणातल्या एसटीचं सगळं वेळापत्रक गावाच्या या दिनक्रमावर बेतलेलं आहे: सकाळी गावाकडून तालुक्याला, संध्याकाळी तालुक्याकडून गावाला. बाहेरून येणाऱ्याने हे एकदा समजून घेतलं की प्रवास सोपा होतो. सकाळी लवकर निघायचं, दुपारी तालुक्याच्या स्टँडवर पुढची गाडी पकडायची आणि संध्याकाळच्या आत मुक्कामाच्या गावी पोचायचं. आम्ही वेळासहून अशाच पहाटेच्या गाडीने मंडणगडला आलो. गाडी अंधारात वळणं घेत होती आणि प्रत्येक फाट्यावर कोणीतरी बॅटरी दाखवून तिला थांबवत होतं. ड्रायव्हरदादांना कोण कुठे चढणार हे ठाऊक होतं. एका फाट्यावर नेहमीची मुलगी दिसली नाही तेव्हा ते क्षणभर थांबले, हॉर्न दिला आणि ती धावत आली. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत शाळकरी मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. ही गाडी बंद झाली तर यातल्या किती मुलींचं शिक्षण थांबेल, हा विचार त्या पहाटे डोक्यातून जाईना.

मंडणगडहून दापोली. दापोलीहून हर्णै जवळ आहे. तिथे समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, आणि संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव. दाभोळला जायला मात्र परत एसटीच. दाभोळ एकेकाळी दख्खनच्या सुलतानांचं मोठं बंदर होतं. मक्केला जाणारी जहाजं इथून सुटत. वाशिष्ठीच्या काठावरची जुनी मशीद त्या वैभवाची खूण आहे. दाभोळ ते धोपावे ही फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली आणि किनाऱ्यावरच्या पुढच्या फेऱ्यांना तिनेच वाट दाखवली. बोट काही मिनिटांत पलीकडे जाते. रस्त्याने हेच अंतर चिपळूणपर्यंत आत जाऊन तोडावं लागतं आणि त्यात काही तास जातात. धोपाव्याहून गुहागर. गुहागरला समुद्र एसटी स्टँडपासून चालत जाण्याइतका जवळ आहे.

गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ, आणि तिथून शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड. मग केशवसुतांचं मालगुंड, गणपतीपुळे आणि रत्नागिरी. या टप्प्यात एसटीच्या फेऱ्या कमी आहेत आणि रिक्षाचा आधार घ्यावा लागतो. बसण्याआधी भाडं ठरवलं की रिक्षावाले आनंदाने पोचवतात, वाटेतली देवळं दाखवतात. रत्नागिरीला शहरातून रेल्वे स्टेशन थोडं बाहेर आहे, पण तिथे गाड्या सतत जातात.

परतीची रेल्वे ही या प्रवासाची दुसरी बाजू. कोकण रेल्वेचं काम १९९० मध्ये सुरू झालं आणि १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा साधारण ७४० किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी तिच्यासाठी राजकीय जोर लावला आणि ई. श्रीधरन यांनी ती बांधली. रत्नागिरी सोडल्यावर थोड्याच वेळात साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो. १९९९ पासून या मार्गावर ट्रकही रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढून प्रवास करतात. घाटातलं डिझेल, टायर आणि ड्रायव्हरची रात्र वाचते. ट्रकलाही रेल्वे परवडते, मग माणसाला का परवडणार नाही? माणगाव हे श्रीवर्धनसाठी, खेड दापोलीसाठी आणि चिपळूण गुहागरसाठी जवळचं स्टेशन. त्यामुळे हा किनारा एका दमात करायची गरज नाही. कुठल्याही टप्प्यावर एसटीने वर येऊन रेल्वे धरता येते.

असं जायचं असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्यांचं लगेच भरतं, म्हणून परतीची तारीख आधी ठरवावी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. गावच्या एसटीच्या वेळा मोबाईलवर मिळतीलच असं नाही. त्या स्टँडवरच्या चौकशी खिडकीत विचाराव्यात, आणि परतीची शेवटची गाडी कधी हे पोचल्या पोचल्या विचारावं. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास १९८८ पासून आहे. रोज वेगळ्या गाडीत बसणाऱ्याला तो सोयीचा. सामान एवढंच घ्यावं की ते स्वतःला उचलून फळीवरून चढता येईल. गुडघे दुखणाऱ्यांनी भरती-ओहोटीच्या वेळा पाहून फेरी निवडावी, कारण ओहोटीला धक्का आणि बोट यांच्यातला उतार वाढतो.

काय करायला हवं, तेही या प्रवासात स्पष्ट दिसतं. प्रत्येक धक्क्यावर बोटीच्या आणि एसटीच्या वेळांची एकच पाटी हवी. बोट लागल्यावर दहा मिनिटांनी एसटी सुटेल, एवढाच बदल केला तरी शिक्षिकेचे रोजचे दोन तास वाचतील. स्टँडवर आणि धक्क्यावर बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेली आणि रात्रीही उघडी स्वच्छतागृहं हवीत. ती नाहीत म्हणून कितीतरी बायका प्रवासाला निघतानाच पाणी पिणं सोडतात. रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल बांधायची कामं हाती घेतली आहेत. ते झाले की मोटारीला वळसा पडणार नाही. मग त्याच पुलावरून दर तासाला एसटीही गेली पाहिजे. नाहीतर ज्याच्याकडे मोटार आहे त्याच्यासाठी खाडी अरुंद होईल, आणि आज थोड्या पैशांत बोटीने पलीकडे जाणाऱ्या माणसासाठी, फेरी बंद पडली तर, तीच खाडी रुंद होईल.

एसटीच्या भाषेत भारमान म्हणजे गाडीतल्या आसनांपैकी किती भरली याचं प्रमाण. भारमान घसरलं की फेरी तोट्यात जाते, आणि तोट्यातली फेरी आज ना उद्या कमी होते. दुपारच्या रिकाम्या गाडीत आपण दोघं-चौघं बसलो, तर त्या फेरीचा हिशेब थोडा सुधारतो. म्हणून कोकणात एसटीने जाणं ही काटकसर आहेच, शिवाय पहाटे फाट्यावर बॅटरी घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलीच्या गाडीला लावलेला हातभारही आहे. पुढच्या सुट्टीत किनाऱ्याला निघाल तेव्हा एक तरी टप्पा एसटीने आणि एक तरी खाडी पायी चढून बोटीने करा. तुमचं तिकीट त्या फेरीच्या हिशेबात धरलं जाईल.